घराचं काम काढताय? आधी पाणी, मग वायर, मग कागद. रंग सगळ्यात शेवटी

शब-ए-बरात जवळ आली की कोंढवा असो, मोमिनपुरा असो, भवानी पेठ किंवा सय्यदनगर, जिन्याजिन्यांत रंगाचे डबे दिसू लागतात. रमजानच्या आधी घर नीट करायची आपल्याकडची जुनी सवय आहे आणि चांगलीच सवय आहे. पण या घाईत एक गोष्ट हमखास होते. ज्या भिंतीवर ओल आहे तिच्यावरच पुट्टी चढते, ज्या वायरवर एसी चालणार नाही तिच्यावरच नवा एसी बसतो आणि ज्या फ्लॅटला कम्प्लीशन नाही त्यात चार-पाच लाखांचं फर्निचर होतं. पुढच्या पावसाळ्यात पुट्टी फुगते. पुढे कधी घर विकायची वेळ आली की घेणारा फर्निचरकडे बघतही नाही, कागद मागतो.

या लेखात आम्ही घराच्या कामाचा क्रम सांगणार आहोत. कोणतं काम राहणाऱ्याला आराम देतं, कोणतं विकताना पैसे परत देतं आणि कोणतं दोन्हीपैकी काहीच देत नाही, हे काम काढण्याआधी समजून घेतलं तर कुटुंबाची पुंजी वाचते.

क्रमाचा मुद्दा आपल्या घरांना जास्त लागू पडतो, त्याला कारण आहे. आपल्यातली बरीच कुटुंबं व्याज नको म्हणून दुरुस्तीसाठी कर्ज घेत नाहीत. पैसा येतो तो भिशीतून, बचतीतून, थोडेफार दागिने मोडून किंवा आखातात असलेल्या भावाकडून. म्हणजे तो टप्प्याटप्प्यानं येतो. ज्याच्याकडे एकदम दहा लाख आहेत त्याचा क्रम चुकला तरी तो तोडून पुन्हा करू शकतो. ज्याच्याकडे यंदा दीड लाख आणि पुढच्या वर्षी दोन लाख येणार आहेत, त्यानं यंदाच्या दीड लाखात काय करायचं हाच खरा प्रश्न आहे.

पाणी

यंदाचे दीड लाख पाण्यात घाला, म्हणजे गळती थांबवण्यात. हे काम दिसत नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून ते नेहमी मागे पडतं.

ओल म्हणजे नुसता डाग नव्हे. पाणी काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोहोचलं की सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतं आणि आतून काँक्रीट ढकलून पाडतं. छताचे पोपडे पडतात ते यामुळे. त्यावर नुसतं प्लास्टर मारून रंग दिला तर सळई आत गंजतच राहते. योग्य पद्धत अशी: सैल काँक्रीट पूर्ण काढायचं, सळई तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ करायची, तिला गंजरोधक लेप द्यायचा आणि मग दुरुस्तीचं खास मॉर्टर भरायचं. सळई खूप बारीक झाली असेल तर मिस्त्रीच्या शब्दावर न राहता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. त्याची फी एका खोलीच्या पीओपीपेक्षा सहसा कमीच असते.

पाणी येतं दोन वाटांनी. एक गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतींच्या भेगांतून, दुसरी संडास-बाथरूममधून. या दोन्हींची जबाबदारी वेगवेगळी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती आणि पावसाच्या पाण्यामुळे होणारी बाहेरची गळती संस्थेच्या खर्चातून दुरुस्त व्हायला हवी. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्याच्या छतात पाणी येत असेल तर ते संबंधित सभासदांनी आपसात निस्तरायचं. आपल्याकडे होतं उलटं. शेवटच्या मजल्यावरचा माणूस गच्चीचा खर्च एकटाच सोसतो आणि बाथरूमच्या गळतीसाठी मात्र कमिटीशी भांडणं होतात.

गच्चीसाठी पुण्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा करण्याची पद्धत जुनी आहे. उतार नीट दिला तर तो चांगला टिकतो. पण तो गळायला लागला की जुना न काढता त्यावरच दुसरा चढवतात, आणि हे धोक्याचं आहे. चार इंच जाडीच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो पडतं. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे जवळपास नऊ टन. पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीच्या डोक्यावर आणखी नऊ टन ठेवायचे का, याचा निर्णय ठेकेदारानं घ्यायचा नसतो.

बाथरूम नव्यानं करताना एक चाचणी अवश्य करून घ्या. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की टाइल लावण्याआधी न्हाणीचा ट्रॅप बंद करायचा, दीड-दोन इंच पाणी भरायचं आणि निदान एक पूर्ण दिवस-रात्र तसंच ठेवायचं. पातळी कमी झाली किंवा खालच्याच्या छताला घाम आला तर काम परत करायचं. ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, गरज नाही, आपण गॅरंटी देतो.’ त्याला सांगा, गॅरंटी द्या आणि पाणीही भरा. टाइल बसल्यानंतर गळती सापडली तर सगळं फोडावं लागतं. शिवाय खालच्या शेजाऱ्याशी बिघडलेले संबंध कोणत्याही सिमेंटनं सांधत नाहीत.

बंगला किंवा रो-हाउस असेल तर सीमाभिंतीकडेही बघा. २९ जून २०१९ रोजी रात्रीच्या पावसात कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण मेले. अशा मोठ्या दुर्घटनेला अनेक कारणं असतात. पण मातीला आधार देणाऱ्या कोणत्याही भिंतीमागे पाणी साचलं की तिच्यावरचा दाब वाढतो, हे साधं शास्त्र आहे. म्हणूनच अशा भिंतीत पाणी निघायला नळ्या सोडतात. रंगकाम करताना कित्येकदा त्या सिमेंटनं बुजवून टाकल्या जातात, भिंत छान दिसावी म्हणून!

वायर

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये वायरिंग झालं ते दोन पंखे, चार ट्यूब, एक टीव्ही आणि एक फ्रिज धरून. आज त्याच वायरवर गीझर, एसी, वॉशिंग मशीन आणि मिक्सर आहे. दिव्यांसाठी दीड, साध्या प्लगसाठी अडीच आणि एसी-गीझरसाठी चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर थेट बोर्डापासून ओढावी, असं चांगला वायरमन स्वतःच सांगतो. अर्थिंग तपासून घ्या. आणि मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओल्या हातानं गीझरचं बटण दाबणाऱ्या मुलाला शॉक लागला तर हाच तुकडा क्षणात वीज तोडतो. ही सगळी तोडफोड पुट्टीच्या आधी करायची, नंतर नाही.

उन्हाळा आणि म्हातारपण

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. वरच्या मजल्यावरची मुलं रात्री झोपत नाहीत आणि सकाळी वर्गात डुलक्या घेतात, हे आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी बघतो. एसी हा उपाय आहे, पण पहिला नाही. गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा लेप दिला तर स्लॅब कमी तापतो. तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. खिडक्यांच्या बाबतीत दिशा बघा. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरकं, खाली येतं, छज्ज्याला दाद देत नाही. तिथे काचेच्या बाहेरून चिक किंवा जाळी हवी. आतला जाड पडदा उजेड अडवतो, पण काचेतून आत आलेली उष्णता खोलीतच राहते.

जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला सोळाएक युनिट वाचतात. स्वतःची गच्ची असलेल्यांनी सौरऊर्जेचाही विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचं अनुदान ठरलं. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी दर किलोवॉटला १८ हजार. लिफ्टचं बिल कमी झालं की मेंटेनन्स कमी होतो, आणि फ्लॅट घेणारा आजकाल मेंटेनन्स आवर्जून विचारतो.

आता बाथरूमची दुसरी बाजू. घरात दादी किंवा नाना असतील तर वजूची जागा नीट करा. उभ्या बेसिनमध्ये पाय उचलून वजू करताना म्हातारी माणसं घसरतात, खुब्याचं हाड मोडतं आणि मग पुढची वर्षं अंथरुणात जातात. बसायला ओटा, समोर गुडघ्याखाली नळ, बाजूला भिंतीत पक्का ठोकलेला स्टीलचा दांडा आणि खाली खरखरीत टाइल, एवढं पुरेसं आहे. वर सांगितलेली तोडफोड चालू असताना हे नगण्य खर्चात होतं. बाथरूमचा दरवाजाही त्याच वेळी पावणेतीन फुटांपर्यंत रुंद करता आला तर करा. जुन्या फ्लॅटमधल्या सव्वादोन फुटी दारातून व्हीलचेअर जात नाही.

अनेक जण याच कामात कमोडची दिशा बदलायला सांगतात. पुण्यातून किबला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे कललेला आहे. ज्याचा संडास त्या रेषेत बांधला गेला आहे, त्याला तो फिरवावासा वाटणं स्वाभाविक आहे. मात्र कमोड फिरवला की खालची मोठी पाइप हलते, उतार बदलतो आणि कधी कधी वॉटरप्रूफिंग फुटतं. म्हणून हे काम सुटं करू नका, बाथरूम पूर्ण उघडाल तेव्हाच करा आणि पाइपच्या उताराची खात्री करून घ्या.

स्वयंपाकघर आणि मधली भिंत

टीव्हीवर बघून हॉल आणि किचनमधली भिंत पाडायची टूम निघाली आहे. आम्हाला विचाराल तर आपल्या घरांत हे फार दिवस टिकत नाही. पाहुणे पुरुष हॉलमध्ये बसतात, घरातल्या बायकांना मोकळं वावरायचं असतं, म्हणून सहा महिन्यांत तिथे पडदा लागतो. भिंत पाडायला पैसे आणि पडद्याला वेगळे! वास आणि तळणाचा धूर हॉलभर पसरतो तो निराळाच. दोन बेडरूमची एक मोठी बेडरूम करणारेही आहेत. राहायला छान वाटतं, पण विकताना ‘टू बीएचके’ शोधणारा माणूस दारातूनच परत जातो.

किचनमध्ये पैसे घालायचे तर ओट्याची उंची, धूर बाहेर टाकणारा पंखा आणि सिंकखालच्या कपाटाचं प्लायवूड यात घाला. त्या प्लायवर आयएस ७१० असा शिक्का हवा, तो उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या दर्जाचा असतो. साध्या, आयएस ३०३ च्या ओल-प्रतिबंधक प्लायला सिंकखाली फार आयुष्य नाही. कोंढव्यात टँकर आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी महागडे चकचकीत नळ घेण्याआधी विचार करावा. जड पाण्याचा पांढरा थर त्यांच्यावर लवकर बसतो.

विकताना कोण काय बघतं

आता किमतीकडे येऊ. मुद्रांक शुल्कासाठी सरकार वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातला दर, क्षेत्रफळ आणि इमारतीचं वय बघतं. तुमच्या टाइल्स बघत नाही. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा मूल्यांकनकर्ता मंजूर नकाशा हातात घेऊन येतो आणि प्रत्यक्ष घर त्याच्याशी जुळतं का ते तपासतो. बाल्कनी आत घेऊन खोली केलेली असेल, डक्टवर स्लॅब टाकलेला असेल किंवा गच्चीवर पत्र्याची खोली चढवलेली असेल, तर तुम्हाला वाटतं क्षेत्रफळ वाढलं. त्याच्या कागदावर मात्र ते अडचण म्हणून लिहिलं जातं. कर्ज नाकारलं गेलं की रोखीनं घेणारा तेवढा उरतो, आणि तो भाव पाडूनच मागतो.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार घराच्या आतल्या आत होणाऱ्या किंवा बाहेरचं रूप विशेष न बदलणाऱ्या दुरुस्तीला नियोजन परवानगी लागत नाही. टाइल्स, वायरिंग, प्लंबिंग, ओटा ही कामं बिनधास्त करा, सोसायटीला लेखी कळवून. पण ‘आतलं’ म्हणजे कॉलम-बीमला हात लावायची मुभा नव्हे.

एक गैरसमज मोहल्ल्यामोहल्ल्यात आहे: ‘आम्ही कॉर्पोरेशनचा टॅक्स भरतो, म्हणजे बांधकाम कायदेशीर आहे.’ तसं नाही. महापालिका अनधिकृत बांधकामावरही मिळकतकर लावते, वर कराच्या दुप्पट शास्ती लावू शकते, आणि तो भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही, असं कायद्यातच म्हटलं आहे.

म्हणून आमच्या मते कोंढवा, सय्यदनगरसारख्या भागांत घराची किंमत वाढवणारं सगळ्यात मोठं काम मिस्त्रीच्या हातचं नाही, कमिटीच्या हातचं आहे. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतलं कम्प्लीशन, आहे का? सोसायटी नोंदलेली आहे का? जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? बिल्डर किंवा जमीनमालक सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येतं. १९६३ च्या मोफा कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं ही सोय आली. वीस फ्लॅटनी वर्गणी काढून वकील आणि आर्किटेक्ट लावला तर एकेकाच्या वाट्याला येणारा खर्च एखाद्या सोफ्याच्या आसपास असेल. पुढे इमारत पुनर्विकासाला गेली तर हाच कागद सौदा ठरवतो.

गुंठा-अर्धा गुंठा घेऊन बांधलेल्या घरांची गोष्ट वेगळी. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अशा बांधकामांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्याच्या कक्षेत आणली. प्रत्येक जागा त्यात बसतेच असं नाही. वरचा मजला चढवायचा विचार असेल तर त्याआधी परवानाधारक आर्किटेक्टकडून आपली जागा बसते का आणि अर्ज घेतले जात आहेत का, एवढं विचारून घ्या. मजला चढवल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

घर कोणाच्या नावावर आहे?

आमच्या पाहण्यात याच मुद्द्यावर घरं सगळ्यात जास्त तुटतात. अब्बांचा इंतकाल होऊन दहा वर्षं झालेली असतात, फ्लॅट त्यांच्याच नावावर असतो. आत राहणारा मोठा भाऊ पदरचे सहा-सात लाख घालून घर नवं करतो. मग अम्मीही जातात, बहिणींच्या हिश्शाचा विषय निघतो आणि भाऊ म्हणतो, ‘हे घर मी उभं केलं.’ बहीण म्हणते, ‘जागा अब्बांची होती.’ दोघंही खरं बोलत असतात.

विरासतीचे हिस्से ठरलेले आहेत. मुलाला मुलीच्या दुप्पट, मुलं असतील तर बायकोला आठवा, वगैरे. टाइल्स बदलल्यानं ते बदलत नाहीत. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, हेही लक्षात ठेवा. विकताना सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. म्हणून काम काढण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवा आणि लेखी ठरवा: हा खर्च भेट समजायचा की घर विकल्यावर आधी वजा करायचा? एखाद्याला आपला हिस्सा सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. बहिणीला ‘तू तर देऊनच टाकशील’ असं गृहीत धरून तिच्यासमोर कोरा कागद ठेवू नका.

बिलं आणि मोसम

बिलाशिवाय सामान थोडं स्वस्त पडतं, म्हणून आपण कच्च्या चिठ्ठीवर घेतो. पण घर दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरांना महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, हा पर्यायही आहे. हा नफा मोजताना कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च वजा होतो. सहा लाखांची पक्की बिलं जपून ठेवली असतील तर साडेबारा टक्क्यांच्या हिशेबानं ७५ हजारांचा कर वाचतो. नुसता रंग आणि किरकोळ डागडुजी यात धरली जात नाही. त्या पैशातून दुसरं घर घेणार असाल तर वेगळी सवलत आहे, ती सीएला विचारा. बिलं, पैसे दिल्याचा पुरावा आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. भिंत बंद होण्याआधी वायर आणि पाइप कुठून गेल्या त्याचे फोटोही त्यात घाला. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

मोसमाबद्दल शेवटी थोडं. गळती शोधायची ती जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात. डागांभोवती पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा, म्हणजे ओल कुठून कुठे सरकते ते कळतं. दुरुस्ती करायची ती पाऊस संपून भिंती वाळल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे. दिवाळी-छठला गावी गेलेले बिहार-यूपीचे कारागीर तेव्हा परतू लागतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आहे, म्हणजे पुढची काही वर्षं तो थंडीतच येणार आणि कामाचे महिने व रोजे एकमेकांत मिसळणार. त्यामुळे ठेकेदाराशी तारीख ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. बाथरूम फोडलेलं आणि सहरीला उठलेलं घर, ही वेळ कोणावर येऊ नये.